ऐंशी दिवसांचा हिशेब

इगतपुरीच्या रेल्वे वसाहतीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना घड्याळ मुद्दाम शिकवावे लागत नाही. कोणती गाडी आली यावरून किती वाजले ते कळते आणि गाडी उशिरा आली तर त्या दिवशी सगळ्या गावालाच उशीर होतो. माझे वडील रेल्वेत होते. रात्रपाळीला निघण्यापूर्वी ते घड्याळाला चावी देत आणि स्टेशनात पोचले की तिथल्या मोठ्या घड्याळाशी ते ताडून पाहत. अशा घरात ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांतल्या जगप्रवासाची कादंबरी आली, तेव्हा ती मला साहसकथा वाटलीच नाही. ती आमच्याच खात्याची गोष्ट वाटली.

भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या घरचा करून सोडला होता. पण या पुस्तकाशी माझे नाते आणखी एका कारणाने जडले. फिलिआस फॉग मुंबईत गाडीत बसतो, रात्रीतून घाट चढतो, नाशिक मागे टाकतो आणि सकाळी खानदेशच्या सपाटीवर येतो. म्हणजे तो आमच्या गावावरून गेला होता! व्हर्नने इगतपुरीचे नाव घेतलेले नाही, त्याचे वाईट मला पुष्कळ दिवस वाटत राहिले. तरी जगाला फेरी घालणारा माणूस आपल्या फलाटावरून गेला, ही गोष्ट त्या वयात पुरेशी होती.

२००४ मध्ये या कादंबरीवर मोठा चित्रपट आला. अकरा कोटी डॉलर खर्च, पासपार्तूच्या भूमिकेत जॅकी चॅन, फॉगच्या भूमिकेत स्टीव्ह कूगन, दिग्दर्शक फ्रँक कोरासी. काही वर्षांनी तो मी घरी सीडीवर पाहिला. पाहताना माझे डोळे आमचा घाट शोधत होते. घाट नव्हता. मुंबईही नव्हती. भारत आग्र्यात सुरू होऊन आग्र्यातच संपला. ही तक्रार पोरकट आहे हे मला कबूल आहे. चित्रपटाने प्रत्येक स्टेशनावर थांबावे असा काही नियम नाही. पण त्या तक्रारीचा माग काढताना जे हाती लागले ते पोरकट नव्हते. ते इथे मांडतो.

१

कादंबरी पॅरिसच्या ‘ल तां’ या दैनिकात ६ नोव्हेंबर ते २२ डिसेंबर १८७२ या काळात क्रमशः आली. फॉग लंडनहून निघतो २ ऑक्टोबर १८७२ रोजी आणि परततो २१ डिसेंबरला. म्हणजे वर्तमानपत्र वाचणाऱ्याच्या दृष्टीने गोष्ट चालू महिन्यांतली होती. शेवटचा हप्ता आला तो फॉगच्या परतीच्या दुसऱ्या दिवशी.

ही पैज दहा वर्षांपूर्वी कोणी लावली असती तर ती वेडेपणाची ठरली असती. ती शक्य झाली ती तीन-चार वर्षांत एकामागोमाग जुळलेल्या दुव्यांमुळे. १० मे १८६९ रोजी अमेरिकेचे दोन किनारे लोहमार्गाने जोडले गेले. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला सुएझचा कालवा खुला झाला. मार्च १८७० मध्ये मुंबईहून निघालेला जीआयपी रेल्वेचा मार्ग जबलपूरला पोचला. अलाहाबादहून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा फाटा तिथे आधीच येऊन थांबला होता. मुंबई आणि कलकत्ता रुळांनी जोडली गेली. १८७१ मध्ये फ्रान्स आणि इटलीमधला आल्प्सखालचा बोगदा सुरू झाला. यातला एकही दुवा व्हर्नच्या कल्पनेतला नाही.

कादंबरीत लंडनच्या रिफॉर्म क्लबात पत्ते खेळता खेळता जग लहान झाले की नाही यावर वाद निघतो. एक वर्तमानपत्री वेळापत्रक पुढे येते. लंडन ते सुएझ ७ दिवस, सुएझ ते मुंबई १३, मुंबई ते कलकत्ता ३, कलकत्ता ते हाँगकाँग १३, तिथून योकोहामा ६, योकोहामा ते सॅन फ्रान्सिस्को २२, न्यूयॉर्कपर्यंत ७ आणि लंडनपर्यंत ९. बेरीज करून पाहावी, बरोबर ८० भरते. आणि ही बेरीज आता शक्य का झाली? तर जीआयपी रेल्वेचा अलाहाबादपर्यंतचा तुकडा खुला झाला म्हणून. वीस हजार पौंडांची पैज लागते ती एका भारतीय रेल्वेच्या बातमीवर.

पुढची गंमत अशी. कादंबरीत ही बातमी खोटी निघते. खोल्बी नावाच्या काल्पनिक खेड्याजवळ रूळ संपतात. अलाहाबादपर्यंतचे पन्नास मैल अजून व्हायचे असतात आणि तिकीट मात्र थेट कलकत्त्याचे विकलेले असते. फॉग दोन हजार पौंडांना हत्ती विकत घेतो. प्रत्यक्षात १८७२ च्या ऑक्टोबरात तिथे खंड नव्हता. अडीच वर्षांपूर्वीच मार्ग पुरा झाला होता. म्हणजे वर्तमानपत्र खरे होते आणि कादंबरीने त्याला खोटे पाडले. बाकी सर्व दुवे खरे ठेवून व्हर्नने एकच दुवा मुद्दाम तोडला. सगळी साखळी खरी आहे म्हणूनच तो तुटलेला दुवा टोचतो.

२

आता मुंबईचा हिशेब. ‘मंगोलिया’ ही आगबोट २२ ऑक्टोबरला पोचायची, ती २० तारखेला दुपारी साडेचारला पोचते. फॉग आपल्या टिपणवहीत दोन दिवस जमेच्या बाजूला लिहितो. गाडी रात्री आठची. मधल्या वेळात पासपार्तू मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो, पुजाऱ्यांशी मारामारी करतो आणि बूट तिथेच टाकून पळतो. मालक स्टेशनातल्या खानावळीत जेवत असतो. ताटातले मटण सशाचे की मांजराचे, या शंकेपलीकडे मुंबईत त्याला काही रस नाही.

पुढे घाट येतो. सहप्रवासी सर फ्रान्सिस क्रोमार्टी फॉगला सांगतो, की काही वर्षांपूर्वी इथेच तुमची पैज बुडाली असती. रूळ पायथ्याशी संपत होते आणि पालखीतून किंवा तट्टावरून वर खंडाळ्याला जावे लागे. इथे व्हर्नने दोन घाटांची गल्लत केली आहे. नाशिककडे जाणारी गाडी खंडाळ्यावरून जात नाही, ती कसाऱ्याहून थळ घाट चढून इगतपुरीला येते. बोर घाट १८६३ मध्ये सुरू झाला, थळ घाट १८६५ मध्ये. व्हर्न भारतात कधी आला नव्हता, नकाशे आणि प्रवासवर्णने वाचून लिहीत होता. चूक क्षम्य आहे. महत्त्वाचे हे, की जगप्रवासाच्या कादंबरीत घाटातल्या रुळांचा उल्लेख पैजेच्या हिशेबात येतो. ते रूळ टाकताना कॉलऱ्याने, तापाने, सुरुंगांनी आणि दरडींनी हजारो मजूर गेले. त्यांचा उल्लेख व्हर्न करत नाही. पण त्यांच्या कामाने वाचलेला वेळ तो मोजतो. आमच्या घाटाला मिळालेली एवढीच दाद.

हत्तीच्या प्रवासात औदा भेटते. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची इंग्रजी शिकलेली मुलगी, बुंदेलखंडातल्या म्हाताऱ्या राजाला दिलेली आणि त्याच्या मागे सती जायला नेलेली. पारशी मुलीला सती पाठवताना व्हर्नने दोन समाजांची सरमिसळ केली. सतीबंदीला तेव्हा त्रेचाळीस वर्षे झाली होती. पण याच औदाचा एक नातलग हाँगकाँगला असतो आणि तो सर जमशेटजी जीजीभॉय यांचा चुलतभाऊ असल्याचे व्हर्न सांगतो. हा तपशील मला सतीच्या सगळ्या प्रसंगापेक्षा मोलाचा वाटतो. जमशेटजींची संपत्ती चीनच्या व्यापारातली होती. मुंबईच्या पारशी कुटुंबाचे माणूस हाँगकाँगला असणे हे त्या काळाचे अगदी खरे चित्र आहे. त्यामुळे औदाने फॉगबरोबर कलकत्त्याहून पूर्वेकडे निघणे हा नुसता प्रेमकथेचा धागा राहत नाही, त्यामागे व्यापाराचा मार्ग आहे.

२५ ऑक्टोबरला फॉग कलकत्त्यात पोचतो. मलबार हिलच्या बुटांचा खटला तिथे उभा राहतो आणि जामिनाचे दोन हजार पौंड भरून तो सुटतो. वेळेचा हिशेब? मुंबईपर्यंत मिळवलेले दोन दिवस मुंबई आणि कलकत्ता यांच्या दरम्यान संपले. जमा दोन, खर्च दोन, बाकी शून्य. दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या कोणाही दुकानदाराला ही कादंबरी पहिल्या वाचनात कळेल. तिचा नायक फॉग नाही, ती वही आहे.

३

यावर कोणी म्हणेल, चित्रपटाला वही दाखवून कसे चालेल? तमाशा हवाच. मान्य आहे, आणि तो पहिल्यापासून होता. व्हर्नने स्वतः द’एनरी या नाटककाराबरोबर या कादंबरीचे नाटक केले. ते नोव्हेंबर १८७४ मध्ये पॅरिसच्या पोर्त सँ-मार्तँ थिएटरात आले. रंगमंचावर जिवंत हत्ती होता आणि पुस्तकात नसलेली सापांची गुहाही होती. नाटक तुफान चालले. तेव्हा भपका हा मूळ लेखकाला अमान्य होता असे म्हणायची सोय नाही.

१९४६ मध्ये ऑर्सन वेल्सने ब्रॉडवेवर कोल पोर्टरच्या संगीतासह याचे भव्य संगीत नाटक केले. त्यात आधी पैसे घालायला तयार असलेला मायकेल टॉड मध्येच बाहेर पडला. ७५ प्रयोगांत नाटक बंद झाले. दहा वर्षांनी त्याच टॉडने १९५६ चा प्रसिद्ध चित्रपट काढला. डेव्हिड निव्हन फॉग, कान्तिनफ्लास पासपार्तू, शर्ली मॅक्लेन औदा. सत्तर मिलिमीटरचा प्रचंड पडदा, जगभरचे चित्रीकरण, सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर. तो चित्रपट ऐसपैस आहे, कित्येक ठिकाणी नुसता देखाव्यांचा आल्बम आहे. पण निव्हनचा फॉग घड्याळाचा गुलाम आहे आणि त्यामुळे आल्बमची पाने कोणीतरी घाईने उलटतो आहे असे वाटत राहते.

टॉडने एक गोष्ट मात्र कायमची बिघडवली. फॉगचा बलूनचा प्रवास त्याने घातला. पुस्तकात तो नाही. अटलांटिक ओलांडायचा प्रश्न येतो तेव्हा बलूनचा विचार व्हर्न एका वाक्यात निकालात काढतो. आता मुखपृष्ठांवरही बलून असतो. २००४ च्या चित्रपटातही पॅरिसहून बलूनच सुटतो. म्हणजे हे रूपांतर पुस्तकाइतकेच आधीच्या चित्रपटाचेही आहे.

४

२००४ च्या चित्रपटात फॉग हा विक्षिप्त संशोधक आहे. पैज पैशांची नाही. जिंकला तर त्याला रॉयल अकॅडमी ऑफ सायन्सचे प्रमुखपद मिळायचे, हरला तर संशोधन कायमचे सोडायचे. समोर खलनायक आहे लॉर्ड केल्विन. पासपार्तू हा खरे तर लाउ शिंग नावाचा चिनी माणूस आहे. गावची चोरीला गेलेली जेडची बुद्धमूर्ती बँक ऑफ इंग्लंडमधून काढून तो घरी निघाला आहे. औदाच्या जागी मोनिक नावाची फ्रेंच चित्रकार आहे. तुर्कस्तानात श्वार्झनेगर राजपुत्र बनून भेटतो, अमेरिकेच्या वाळवंटात राइट बंधू भेटतात. न्यूयॉर्कची मारामारी अजून पुरा न झालेल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यात होते.

आता या गोष्टीला कॅलेंडर लावून पाहावे. विल्यम थॉमसन यांना लॉर्ड केल्विन ही पदवी १८९२ मध्ये मिळाली. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा १८८६ मध्ये उभा राहिला होता. केल्विन लॉर्ड असतील तर पुतळा पुरा झालेला हवा, पुतळा अर्धवट असेल तर केल्विन नुसते सर विल्यम हवेत. १८७२ धरले तर राइट बंधूंतला थोरला पाच वर्षांचा आणि धाकटा एक वर्षाचा. कोणतेही वर्ष धरा, काहीतरी बाहेर राहते. विनोदी चित्रपटाला एवढे काटेकोर का धरायचे, असे कोणी विचारील. धरायचे ते यासाठी, की हा चित्रपट वेळेच्या पैजेचा आहे. ज्या गोष्टीला वर्षच नाही, तिच्यात दिवस कसले मोजणार?

आणि साधनांचे तसेच. व्हर्नच्या जगात गाडी चुकली तर चुकली. हत्ती मिळतो तो दोन हजार पौंड मोजून. चित्रपटात अडचण आली की एक यंत्र किंवा एक मारामारी तिला उडवून लावते. शेवटी अटलांटिकवर जहाजाच्या सामानातून उडणारे यंत्र तयार होते आणि मंडळी लंडनवर येऊन आदळतात. जो मधूनच उडू शकतो त्याला बोटीच्या वेळेची भीती कशाला वाटेल? व्हर्नने फॉगला पूर्वेकडे जाताना नकळत मिळालेला एक दिवस अखेरीस हातात ठेवला. तो युरोपी साहित्यातला फार सुंदर शेवट आहे. पासपार्तू आपले पणजोबांचे घड्याळ लंडनच्याच वेळेवर ठेवतो आणि सुएझमध्ये कोणी ते मागे आहे म्हणाले तर रागावतो. तिथपासून या शेवटाची तयारी असते. चित्रपटानेही तोच शेवट ठेवला आहे. पण वाटेत दिवसाचे ओझे कधी जाणवले नाही. त्यामुळे शेवटी मिळालेला दिवस रस्त्यात सापडलेल्या नाण्यासारखा वाटतो. मिळाला, बरे झाले, एवढेच.

चित्रपटाने जगभरात सुमारे सात कोटी वीस लाख डॉलर मिळवले. खर्चापेक्षा जवळजवळ चार कोटी कमी. ही वही मात्र निर्मात्यांना नीट ठेवावी लागली असेल.

५

एवढे लिहून थांबलो तर अन्याय होईल. या चित्रपटात एक विचार खरोखर मोठा आहे. कादंबरीत बँक ऑफ इंग्लंडमधून पंचावन्न हजार पौंड चोरीला जातात आणि डिटेक्टिव्ह फिक्स फॉगलाच चोर समजून पाठलाग करतो. चित्रपटाने हे उलटे केले. इथे बँकेतच चोरीचा माल आहे आणि ‘चोर’ आपल्या गावाचे दैवत परत न्यायला आला आहे. व्हर्नच्या साम्राज्याच्या जगाला दिलेले हे चोख उत्तर होते. व्हर्नचा भारत पूर्वग्रहांनी भरलेला आहे. त्यात कालीचे ठग आहेत, सती आहे, रक्ताने माखलेल्या दऱ्या आहेत. असे पुस्तक आज जसेच्या तसे पडद्यावर आणू नये, हे मलाही पटते. चीनचा एक गावकरी जगाच्या मध्यभागी आणणे ही त्यावरची उत्तम वाट होती. पण चित्रपटाचा आपल्याच विचारावर विश्वास बसला नाही. मूर्ती मारामारीचे निमित्त होऊन राहिली.

आणि भारताचे काय झाले? व्हर्नने भारताबद्दल चुकीचे लिहिले, पण पुष्कळ लिहिले. कल्याण, नाशिक, खानदेश, वेरूळ, औरंगाबाद, बऱ्हाणपूर ही नावे त्याच्या पानांवर आहेत. चूक दुरुस्त करायला आधी नाव असावे लागते. चित्रपटाने पूर्वग्रह काढला आणि त्याबरोबर प्रदेशही काढला. औदा गेली, तिच्याबरोबर मुंबईची पारशी पेढी आणि हाँगकाँगची वाट गेली. उरला तो आग्रा, म्हणजे भारताचे जे चित्र पोस्टकार्डावर आधीपासून होते तेच. व्हर्नची औदा सतीच्या चितेवरून उचलून आणलेली, बोलायला फारसे नसलेली बाई आहे. तिला काढण्याऐवजी बोलते करता आले असते. मुंबईत वाढलेली, दोन भाषा जाणणारी, फॉगपेक्षा जगाचा व्यवहार अधिक कळणारी औदा त्या अकरा कोटी डॉलरमध्ये सहज बसली असती.

या कादंबरीचे सर्वांत प्रामाणिक रूपांतर पडद्यावर झालेच नाही, असे मला वाटते. ते नेली ब्लाय या अमेरिकन बातमीदार बाईने केले. १४ नोव्हेंबर १८८९ रोजी ती न्यूयॉर्कजवळून निघाली, वाटेत आमियाँला व्हर्नला भेटली, कोलंबोत पुढच्या बोटीसाठी खोळंबली आणि ७२ दिवसांत परतली. तिच्याजवळ हत्ती नव्हता, बलून नव्हता. बोटींच्या वेळा होत्या आणि त्या चुकण्याची भीती होती. व्हर्नने लिहिले होते ते एवढेच.

६

कसाऱ्याला आजही गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ आहे. इंजिने जोडायला गाडी काही मिनिटे थांबते, प्रवासी चहा घेतात, कोणी घड्याळ पाहतो. मग मागून एक धक्का बसतो आणि घाट सुरू होतो. ती मिनिटे वेळापत्रकात धरलेली असतात. ती वाचवायला बोर आणि थळ घाटांत किती माणसे खपली, हे डब्यातल्या कोणाला आठवत नाही. आठवण्याचे कारणही नाही. गाडी वेळेवर आहे, एवढ्यात ते सगळे आले.

मला चित्रपटात ती थांबलेली मिनिटे हवी होती. अंधारात उभी गाडी, खिडकीशी बसलेला, बाहेर न पाहणारा एक इंग्रज आणि त्याच्या वहीत दोन दिवस जमा. त्याला काही खर्च आला नसता.

वडील निवृत्त झाल्यावरही रोज रात्री घड्याळाला चावी देत. आता कुठे जायचे आहे, असे आई विचारायची. ते म्हणत, मला नसेल जायचे, गाडीला जायचे आहे ना.